मी ओळखलेला हात

केलबचं नाव मी सांगितलं. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, कसलं आमिषही दाखवलं नव्हतं. एका गोऱ्या माणसाने चहाचा कप बाजूला सरकवून मला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर मला येत होतं म्हणून मी ते दिलं. त्या उत्तरापायी दोन माणसं मेली आणि तिसऱ्याचा गुडघा कायमचा गेला. तो तिसरा माणूस आमच्याच गावचा, माझ्या वडिलांचा लहानपणापासूनचा दोस्त इस्माईलचाचा. लोक पुढे तीस वर्षं त्यालाच फितूर म्हणत राहिले. मी ते ऐकत राहिलो. या प्रकरणात मी माझ्याबद्दल काही बरं लिहिलेलं आढळलं तर वाचकाने ते खोटं समजावं.

अब्बांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत होतं आणि आम्ही राहायचो त्याच्या डोक्यावर, ऑफिसवरच्या दोन खोल्यांत. आमच्या रत्नागिरीकडच्या बाकीच्यांची कुटुंबं तेव्हा गावीच असायची. अम्मीने मात्र लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी अब्बांना सांगून टाकलं होतं की पत्र वाचून संसार होत नाही. त्यामुळे मी ग्राइंडरच्या आवाजात वाढलो. सकाळी सहाला कॉम्प्रेसर सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि अम्मी भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून सांगायची की आज पत्रा कापतायत की पाइप. लोखंडाची बारीक धूळ उशांच्या अभ्र्यांवर असायची, दह्याच्या भांड्यावर असायची. अठरा माणसांचं दुपारचं जेवण अम्मी स्वतः रांधायची. मोठ्या टोपात भात, नारळ वाटून केलेलं सुरमईचं सालन, तळलेल्या बोंबलांचा ढीग. टोप खाली उतरवायला दोन माणसं लागायची. माणसं खोक्यांचे पुठ्ठे अंथरून ओळीने बसत आणि अम्मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून कुणाचं ताट रिकामं झालं ते बघत उभी राहायची.

त्या अठरांत सहा अमेरिकन होते. आज माझ्या मुलीला हे सांगायला बसलो की ती फोनमधून मान वर न करता म्हणते, "बट अब्बा, दे आर फ्री नाऊ." तिच्या शाळेत त्या नव्या देशाचा, अमेरिकेचा, झेंडा भिंतीवर आहे. आम्ही लहान होतो तेव्हा असा देश नव्हता. तिथल्या वसाहतींनी कैक पिढ्यांपूर्वी इंग्रजांविरुद्ध पहिला उठाव केला होता, तो मोडून काढला गेला, पुढाऱ्यांना फासावर चढवलं, आणि मग तिथे इंग्रज असे काही घट्ट बसले की आपल्याकडून गेले तरी त्यांच्याकडून हलले नाहीत. माझ्या तरुणपणी ती लढाई पुन्हा पेटली होती. गावं जाळली जात होती, आणि जी माणसं निसटली ती मिळेल त्या बोटीने मिळेल तिथे जात होती. हातात हुन्नर असलेली काही इथे आली. अमेरिकन माणूस कागदोपत्री इंग्रजांची प्रजा. त्यामुळे त्याला धरायचं असेल तर इंग्रजांच्या एजन्सीची, म्हणजे त्यांच्या इथल्या कचेरीची, माणसं हातात एक कागद घेऊन कुठल्याही आवारात शिरत. अब्बांनी हे माहीत असूनही सहा जणांना ठेवलं होतं. आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते आणि इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध संप करून त्यांनी तुरुंग पाहिला होता. अब्बांच्या लेखी यापेक्षा मोठी मिळकत आमच्या घराण्यात नव्हती.

केलब त्या सहांमधला मोठा, चाळिशी उलटलेला, उंच, बोलायला हळू. उजव्या हाताच्या तीन बोटांना नखं नव्हती. ती तिकडच्या एका ठाण्यात एकेक करून उपटली होती, आणि हे तो दात काढल्याचं सांगावं इतक्या सहज सांगायचा. त्याच्यासोबत त्याचा भाचा एझ्रा होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एझ्राच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत फटक्यांचे वळ होते आणि आंघोळीला तो सगळ्यांच्या शेवटी जायचा. केलबने एकदा अम्मीकडे मक्याच्या पिठाची भाकरी मागितली. अम्मीने त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर आणि खवलेला नारळ घातला. केलब म्हणाला की हे चांगलं आहे, पण जे मागितलं ते हे नव्हे. अम्मी म्हणाली, मग त्याच्या आईने त्याला नीट शिकवलं नाही. पुढे दर गुरुवारी तीच भाकरी व्हायला लागली आणि केलब दर गुरुवारी तीच तक्रार करायचा. वर्कशॉपची भाषा हिंदी, म्हणजे सगळ्यांची मोडकी. इस्माईलचाचा फोरमन होता आणि त्याला केलबची खोडी काढल्याशिवाय जेवण जायचं नाही. एकदा त्याने भर पंगतीत विचारलं की बाबा रे, एवढी वर्षं झाली, अजून कसे तुमच्याकडून इंग्रज जात नाहीत? केलबने घास संपवला आणि म्हणाला, "तुम्हारे इधर से निकाला ना, वो सब हमारे घर आके बैठा है. तुम वापस बुलाओ, हम आज छोड़ देगा." एझ्राला हसू आलं ते मी तेवढं एकदाच पाहिलं.

मला वेल्डिंग केलबने शिकवलं. मी एकोणीस वर्षांचा, शाळा संपवून अब्बांच्या हाताखाली लागलेलो, आणि अब्बांना वाटे की मालकाच्या मुलाला कामगाराइतकं काम यायलाच हवं. केलब म्हणायचा की शिवण बघायला शीक, मग हात आपोआप येईल. दोन लोखंडं जिथे जुळतात तिथली शिवण प्रत्येक माणसाची वेगळी असते. कुणाचे खवले दाट, कुणाचे लांबट, कुणी घाईत कड खाऊन टाकतो. माणूस अक्षर बदलू शकेल, शिवण बदलू शकत नाही, कारण ती त्याच्या श्वासाच्या लयीत पडते. आमच्याकडे यावरून एक खेळ पडला होता. दर शनिवारी काम सुटताना इस्माईलचाचा आठवड्याचे कापून उरलेले तुकडे टेबलावर ओळीने मांडायचा आणि विचारायचा, "हा हात कुणाचा?" चुकेल त्याने सगळ्यांना करक, म्हणजे इथला दाट दुधाचा, चहा आणायचा. सहा महिन्यांत मी चुकायचा थांबलो. केलबचा हात तर मी लांबून ओळखायचो. तो डावखुरा होता, शिवण उलट्या बाजूने सुरू करायचा, आणि रॉड बदलून पुन्हा सुरुवात करताना त्याच्याकडून एक बारीक आकडा पडायचा, मासा गळाला लागावा तसा. मला याचा फार अभिमान होता. दुसरं कशाचं कौतुक व्हावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

केलब आणि एझ्रा रविवारी वर्कशॉपमध्ये थांबून काहीतरी करतात हे सगळ्यांना माहीत होतं. पंपाचे सुटे भाग म्हणून एका जहाजावर चढणारे जाड पाइप. अब्बांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि चाव्या कधी मागितल्या नाहीत.

तो माणूस सकाळी दहाच्या सुमारास आला. अब्बा पत्रा आणायला रास अल खोरला गेले होते. नाव त्याने मिस्टर पेल असं सांगितलं, कंपनीचं नावही सांगितलं, ते मी विसरलो. पांढरा शर्ट, विरळ केस, आवाज मऊ. ऑफिसात मी होतो आणि इस्माईलचाचा होता. आलेल्या माणसाला चहा न देता बसवायचं हे चाचाच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याने चहा मागवला आणि सोबत म्हणून स्वतःही कप घेतला. दाराला काच होती. बाहेर काम करणाऱ्या सगळ्यांनी हे पाहिलं. पेल म्हणाला की मोठं काम आहे, पाइपलाइनचं, पण त्याला एका विशिष्ट दर्जाची वेल्डिंग हवी आहे. मग त्याने कापडात गुंडाळलेला वीतभर तुकडा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं की असं काम इथे कोण करतं.

मी आजवर स्वतःलाही सांगत आलो की मला काही कळलं नाही, मला तो शनिवारचा खेळ वाटला. हे खोटं आहे. तो तुकडा एका टोकाला फाटलेला होता. लोखंड आतून बाहेर उलटलं होतं आणि कड काळी पडली होती. पाइप पाण्याने तसा फाटत नाही, स्फोटाने फाटतो, एवढं मला कळत होतं. चाचाला माझ्या आधी कळलं. त्याने कप खाली ठेवला आणि आमच्या कोकणीत हळूच म्हणाला की पोरा, तू बाहेर जा, कॉम्प्रेसर बघ. मी गेलो नाही. ती शिवण माझ्यासमोर होती, आकडा मला दिसत होता, आणि एक गोरा साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "केलब. ही इज लेफ्ट-हँडेड, सर." आणि एवढ्यावर थांबलो नाही. बोट ठेवून आकडाही दाखवला. पेलने ते लक्षपूर्वक पाहिलं, माझी पाठ थोपटली आणि तुकडा पुन्हा कापडात गुंडाळला. चहा त्याने अर्धाच प्यायला होता.

चाचाने त्याच तासात केलबला गाठून पळून जायला सांगितलं. मी सांगितल्याचं मात्र बोलला नाही, एवढंच म्हणाला की एजन्सीचा माणूस येऊन गेला, तुझा तुकडा त्यांच्याकडे आहे. केलबने निघायची तयारी केली, पण एझ्रा दोन दिवस तापाने पडला होता आणि त्याला सोडून तो जाईना.

ते तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी आले. दोन पिकअप भरून, बंदुका घेऊन. माणसं पुठ्ठ्यांवर बसली होती, वाढप सुरू होतं. एझ्रा ताप उतरून पहिल्यांदाच पंगतीला आला होता. सगळ्यांत आधी उठला तो एझ्रा. त्याच्या हाताशी शिवणीवरची खपली काढायची टोकदार हातोडी होती, ती त्याने पुढच्या शिपायाच्या तोंडावर मारली. त्या माणसाचा गाल फाटून दात दिसायला लागले. दुसऱ्याने अगदी जवळून एझ्राच्या छातीत दोन गोळ्या घातल्या. एझ्रा मागे सालनाच्या टोपावर कोसळला, टोप कलंडला, आणि लाल रस्सा फरशीवर पसरला. त्यातला रस्सा किती आणि एझ्रा किती हे सांगता येत नव्हतं. अम्मी जिन्यावर उभी होती. तिच्या हातातला डाव खाली पडला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. गोळ्यांचा येत नाही.

केलबला धरायला चौघे लागले. त्याने एकाचं मनगट चावून सोललं. त्यांनी त्याला टेबलापाशी नेलं, तिथे पाइप आवळून धरायचा लोखंडी वाइस होता. पेल तोच पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. तो म्हणाला, "द लेफ्ट." त्याला विचारावं लागलं नाही. त्यांनी केलबचा डावा हात वाइसमध्ये घातला आणि दांडा फिरवला. पाच फेरे. मी मोजले. तिसऱ्या फेऱ्याला अब्बा धावत गेले, त्यांच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला आणि समोरचे चार दात जमिनीवर पडले. पाचव्याला केलबचा आवाज बंद झाला. मी काहीतरी ओरडणार होतो, काय ते आता आठवत नाही. इस्माईलचाचाने मागून माझी मान पकडली आणि कानाशी म्हणाला, "मुश्ताक, तोंड उघडू नकोस."

केलबला त्यांनी जहाजाने परत नेलं. तीन आठवड्यांनी रेडिओवर बातमी आली की त्याला त्याच्याच बंदरात, लोकांसमोर, आणखी चौघांबरोबर फाशी दिली. अब्बांनी रेडिओ बंद केला. तोंड सुजलेलं असल्याने ते पेज पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण असेल रे तो?" ते मला विचारत होते. मी म्हणालो, माहीत नाही.

उरलेल्या चार अमेरिकनांनी त्याचा शोध आपल्या पद्धतीने लावला. पेलसोबत बसून चहा कोण प्यायलं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. शुक्रवारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले, चाचा तेवढा गॅसची गाडी यायची म्हणून मागे थांबला. मी नमाज संपताच सगळ्यांच्या आधी परतलो. आवारात शिरताना पाइप मांसावर बसल्याचा आवाज आला. तो आवाज मला तोपर्यंत माहीत झाला होता. मी पत्र्यांच्या थप्पीआड उभा राहिलो. चाचा जमिनीवर होता, नमाजासाठी घातलेला पांढरा सदरा पुढून पूर्ण लाल, एक डोळा मिटून गेलेला. ते कोण म्हणून विचारत होते आणि तो दर वेळी माहीत नाही म्हणत होता. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला की ऑफिसात तेव्हा मालकाचा मुलगाही होता, त्याला आणू. चाचाने मान वर केली. "लड़का अंदर नहीं था. मैंने बोला. खलास."

त्यांनी त्याचा उजवा गुडघा एका फटक्यात नाही, चार फटक्यांत फोडला. मी माझ्या जागेवरून हललो नाही. थांबा म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द मला मोडक्या हिंदीत, इंग्रजीत, तिन्ही-चारी भाषांत येत होता.

अमेरिकन त्याच दुपारी निघून गेले. चाचाने कबूल केलं हे त्यांनी जाताना अब्बांना सांगितलं. अब्बा इस्पितळात गेले नाहीत. त्यांनी गावच्या जमातीला पत्र लिहिलं, आणि आमच्याकडे जमातीने एखाद्याला बाजूला काढलं की त्याच्या घरी लग्नाचं जेवण कुणी जेवत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. चाचाला विमानतळावर सोडायला मी एकटा गेलो. त्याची चाकांची खुर्ची ढकलत होतो. तो म्हणाला, "आता हे असंच राहू दे. तुझ्या बापाला कळलं तर तो जगायचा नाही." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्याच्या दोन मुलींची लग्नं पाहुण्यांशिवाय झाली. त्याची बायको गेली तेव्हा खांद्याला शेजारच्या गावाची माणसं आणावी लागली. अब्बा अकरा वर्षांपूर्वी गेले, म्हणजे ते वाक्य तेव्हाच संपलं. त्यानंतरची अकरा वर्षं माझी स्वतःची आहेत, त्यांना कसलंही निमित्त नाही.

गेल्या वर्षी त्या नव्या देशाच्या लोकांनी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एक छोटं ऑफिस उघडलं. लढ्याला परदेशात ज्यांनी मदत केली आणि ज्यांनी दगा दिला, त्या सगळ्यांची नोंद ते करतायत. एक तरुण बाई माझं निवेदन घ्यायला आली. तिच्या कागदावर केलबच्या नावापुढे लिहिलं होतं, खबर देणारा: इस्माईल, फोरमन. मी तिला ते खोडायला सांगितलं आणि माझं नाव लिहायला लावलं. तिने स्पेलिंग विचारलं, लिहिलं, थँक यू म्हणाली. ते सोपं गेलं. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं.

आमच्या गावच्या जमातीची इकडची मंडळी ईदनंतरच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. बायका सांदण करून आणतात, दहावी पास झालेल्यांना बक्षिसं देतात. या वर्षी चाचाची नात रुबिना त्याला घेऊन आली. ती कंप्युटरवाली, भीती नसलेली. आजोबांना व्हिजिटवर आणलं होतं. तो त्र्याऐंशी वर्षांचा झालाय, काठी आणि तिच्या खांद्यावर चालतो. ती दोघं ज्या टेबलाशी बसली त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. लोक ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसले. ज्यांनी ताटं उचलली त्यांतले निम्मे त्या शुक्रवारनंतर जन्मलेले होते. मी उठलो. सेक्रेटरी बक्षिसांची नावं वाचत होता, त्याच्याकडून माइक मागून घेतला. केलबचं नाव मी सांगितलं, चाचाने मला बाहेर जायला सांगितलं होतं तरी सांगितलं, आणि त्याचा गुडघा फोडला जात असताना मी दहा पावलांवर उभा होतो, हे सगळं मी दीडशे माणसांसमोर क्रमाने सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, खाली उतर. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. चाचा बघत नव्हता, त्याने मान खाली घातली होती. मी माइक ठेवला आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन फरशीवर बसलो, कारण बरोबरीने खुर्चीवर बसायची माझी लायकी नव्हती.

मी म्हणालो, "चाचा, तुमचा गुडघा, चाचीचा मयत, तुमच्या मुलींच्या लग्नात वाया गेलेलं जेवण, हे सगळं माझं होतं. तुम्ही ते उचललंत आणि मी तुम्हाला उचलू दिलं. अब्बा होते तोवर भीती होती. ते गेल्यावर भीतीसुद्धा नव्हती, मला नुसतं सोयीचं होतं. मला माफ करा."